बाळाची गोधडी : जुन्या वस्त्राच्या उत्तरायुष्याचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत देणगीदार, वास्तू आणि उपक्रम यांचा इतिहास यावा, हे उचितच आहे. परंतु समाजाचा इतिहास केवळ शिलालेखांत आणि सभावृत्तांतात नोंदलेला नसतो. तो घराघरांतील पेटाऱ्यांतही घडी घालून ठेवलेला असतो. नवजात बालकासाठी घरातील स्त्रिया जी साधी, तुकडे जोडून केलेली गोधडी शिवत असत, ती अशाच इतिहासाची एक साक्षीदार होय. संपूर्ण आयुष्य कापडाच्या व्यवसायात गेल्यामुळे थान पेढीवरून निघाल्यानंतर त्याचे पुढे काय होते, हा विचार माझ्या मनात वारंवार येत राहिला. त्या विचाराचे हे अल्पसे फलित वाचकांसमोर ठेवीत आहे.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची भारतीय परंपरा अतिप्राचीन आहे. संस्कृतात अशा वस्त्राला ‘कंथा’ हा शब्द आहे. नाथपंथी जोग्यांची कंथा आपल्या महाराष्ट्राला परिचित आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच केलेले असे. विनयपिटकातील कथेनुसार मगध देशातील बांधांनी विभागलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी तशी रचना सुचविली आणि आनंदाने त्याप्रमाणे चीवर सिद्ध केले. टाकून दिलेल्या चिंध्यांपासून केलेल्या वस्त्राला ‘पांसुकूल’ अशी संज्ञा होती.

आपल्या जैन परंपरेत वस्त्राचा विचार याहूनही सूक्ष्म आहे. दिगंबर मुनींनी तर वस्त्राचाच त्याग केला. श्वेतांबर परंपरेत आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ‘वस्त्रैषणा’ हे स्वतंत्र अध्ययन असून साधूने कोणते वस्त्र घ्यावे व कोणते घेऊ नये, याचे विवेचन त्यात आहे. साधूसाठी मुद्दाम विकत घेतलेले वस्त्र तेथे वर्ज्य मानले आहे. बहुमूल्य वस्त्रेही वर्ज्य आहेत. उत्तराध्ययन सूत्रात वस्त्रांच्या प्रतिलेखनाचा, म्हणजे जीवजंतूंची विराधना होऊ नये म्हणून वस्त्र नीट उलगडून पाहण्याचा विधी सांगितला आहे. गृहस्थाला साधूचे नियम लागू नसले तरी दोन गोष्टी त्याने उचलल्या : गरजेपुरतेच वस्त्र बाळगावे, आणि जे आहे ते डोळ्यांखालून घालीत जावे. बाळाची गोधडी रोज उन्हात टाकणारी, झटकण्यापूर्वी तिच्या शिवणी निरखणारी आजी हेच करीत होती.

बालकासाठी जुन्या वस्त्राची गोधडी करण्याची प्रथा केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये जीर्ण साड्या व धोतरे एकावर एक ठेवून ‘कांथा’ शिवतात. त्यासाठी लागणारा रंगीत दोराही पूर्वी साडीच्या काठातूनच उसवून काढीत. कलाइतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली या कांथांवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला आणि घरगुती मानलेल्या या कामाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. बिहारमध्ये मुझफ्फरपूर परिसरात ‘सुजनी’ नावाने हेच काम चालते, आणि तेथेही नवजात बालकाला मऊ जुन्या वस्त्रात लपेटणे हाच मूळ हेतू मानला जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाज, ज्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले, त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आरंभ करून तुकडे लावीत लावीत त्या मध्याकडे येतात, आणि चारही कोपऱ्यांवर ‘फूल’ म्हणून घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात.

याच देशातून सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव परिसरातून रेशमी भरतकामाच्या रजया पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत युरोपात जात असत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे नमुने जपलेले आहेत. राजेरजवाड्यांसाठी केलेले वस्त्र टिकले, कारण ते वापरले गेले नाही. बाळाची गोधडी मात्र वापरूनच संपली. म्हणून संग्रहालयांतून तिचा इतिहास शोधू जाता हाती फारसे लागत नाही. तो कापडाच्या इतिहासातूनच शोधावा लागतो.

आपल्याकडे हिला गोधडी, वाकळ, दुपटे अशी नावे आहेत. तिचा मुख्य कच्चा माल म्हणजे नऊवारी लुगडे आणि धोतर. व्यापारी दृष्टीने हिशेब मांडून पाहावा. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबी आणि सुमारे सव्वा वार पन्हा, म्हणजे एकंदर अकरा चौरस वारांच्या आसपास कापड. लुगडे काष्ट्याजवळ व बसण्याच्या जागी प्रथम विरते. बाकीचा भाग शाबूत असतो. अर्धे लुगडे निकामी धरले तरी पाच चौरस वारांहून अधिक कापड उरते. एक वार चौरस, तीन पदरी दुपट्याला तीनच चौरस वार लागतात. म्हणजे एका जीर्ण लुगड्यातून बाळाचे दुपटे होऊन वर बाळोत्यांपुरते कापड शिल्लक राहत असे.

नव्या ऐवजी जुनेच कापड का, याचे उत्तर निव्वळ काटकसर असे नाही. गिरणीतून वा मागावरून आलेल्या कापडात खळ असते. ते खरखरीत असते, पाणी चटकन शोषीत नाही, आणि पहिल्या धुण्यांत आटते. शेकडो वेळा धुतलेल्या सुती वस्त्रातील खळ केव्हाच गेलेली असते, त्याचे आटणे संपलेले असते, आणि धागा मऊ झालेला असतो. नवे व जुने कापड एकत्र शिवले तर नवे आटते आणि गोधडीला चुण्या पडतात, हे प्रत्येक अनुभवी स्त्रीला ठाऊक होते. आजीच्या लुगड्यात नातवाला गुंडाळण्यामागे माया होती, तसेच वस्त्रविज्ञानही होते.

आता कापडाच्या इतिहासाकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ साली उत्पादन सुरू झाले. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच साली सोलापुरातही गिरणी निघाली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे ते गाव लुगडी व धोतरांसाठी प्रसिद्धीस आले. गिरण्यांच्या कापडाबरोबर कटपीस आणि चिंध्यांचाही बाजार उभा राहिला. गोधडीच्या वरच्या पदरात रंगीबेरंगी छिटांचे तुकडे दिसू लागले.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची विलक्षण टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. त्या काळात गोधडी ही हौस नव्हती, गरज होती. फाटलेला प्रत्येक तुकडा जपला जाई. याच महाराष्ट्रात संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) ठिगळांचे वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव फिरले. लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. स्वतः चिंध्या पांघरून त्यांनी इतरांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. धर्मादाय कार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे.

मग गोधडी मागे का पडली? माझ्या मते त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण पोशाखातील बदल. नऊवारीची जागा पाचवारीने व धोतराची जागा पाटलोणीने घेतली, आणि घरातील लांबरुंद मऊ कापड कमी झाले. दुसरे कारण कृत्रिम धागा. १९४१ साली इंग्लंडमध्ये शोध लागलेला टेरिलिन धागा १९६० च्या दशकात आपल्याकडे रुळला. टेरिकॉट व पॉलिएस्टर साडी न चुरगळणारी, लवकर वाळणारी, टिकाऊ. आम्ही व्यापाऱ्यांनी हेच गुण सांगून ती विकली, आणि ते गुण खरेच होते. पण ती कितीही जुनी झाली तरी सुतासारखी मऊ होत नाही आणि घाम शोषीत नाही. तिची गोधडी बाळाच्या उपयोगाची नाही. तिसरे कारण बोहारीण. जुन्या कपड्यांवर स्टेनलेस स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरू लागली, तेव्हा पेटाऱ्यातील लुगडी वाटी-पातेल्यांत रूपांतरित झाली. गृहिणीचा तो व्यवहार तोट्याचा नव्हता. मात्र त्यात दुपट्याचा कच्चा माल घराबाहेर गेला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर स्वस्त गिरणी-सुताचे ते युगही मावळत गेले.

ही कला अवघड नाही. ज्यांना करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी थोडक्यात पद्धत देतो. कापड शंभर टक्के सुती, निरोगी माणसाच्या वापरातील आणि गरम पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन कडक उन्हात वाळविलेले असावे. जरीचा काठ, हुक, बटणे, टिकल्या काढून टाकाव्यात. खालचा पदर एक वार चौरस व शक्यतो बिनजोडाचा घ्यावा. मध्ये एकच पदर पुरे. वरच्या पदरासाठी चार-पाच इंची चौकोन कापून प्रथम त्यांच्या पट्ट्या व नंतर पट्ट्यांचे अखंड कापड करावे. तिन्ही पदर सपाट अंथरून, मध्यापासून कडेकडे हात फिरवून चुण्या काढाव्यात व कच्चे टाके घालावेत. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा, बोटभर अंतराने धावदोरा घालीत मध्याशी यावे. गाठ पदरांच्या आत दडवावी. शेवटी कडेला मऊ गोट लावावा, आणि सुया मोजून घ्याव्यात. गोधडी पातळच असावी. लहान बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर जाड वा सैल पांघरूण घालू नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून ही गोधडी मांडीवर घेताना, किंवा जागे बाळ डोळ्यांसमोर खेळत असताना खाली अंथरण्यासाठी वापरावी.

आता मूळ मुद्दा. आज दुकानांत यंत्रावर शिवलेल्या गोधड्या मिळतात. हाताने शिवलेल्या गोधड्याही मागणी वाढल्यामुळे बाजारात आल्या आहेत. व्यापाराला माझी हरकत असण्याचे कारण नाही. पण हाताच्या टाक्यांना लागणारे दिवस आणि त्या स्त्रीच्या हाती पडणारी रक्कम यांचा मेळ बसतो का, हे विकणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही पाहिले पाहिजे. पदरमोड करून घेतलेल्या वस्तूवर घासाघीस करण्याचा आपल्याला हक्क आहे, परंतु दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडविणे हा अचौर्य व्रताचाच भंग होय.

दानाविषयीही तेच. मदतीसाठी येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत मळके, फाटके, तुटक्या बटणांचे कपडे किती असतात, हे असे गठ्ठे सोडणाऱ्यांना विचारावे. आपल्याला नको ते देणे म्हणजे दान नव्हे. ती केवळ अडगळ हलविणे झाले. जुन्या वस्त्राची गोधडी या बाबतीत काही शिकविते. तीतही वस्त्र जुनेच असते, पण ते निवडलेले, धुतलेले, जोडलेले आणि कोणाच्या तरी हातचे असते. जुन्या कापडाला दानाचे मोल येते ते त्यावर खर्च केलेल्या वेळामुळे.

आपल्या ट्रस्टच्या पुढील वाटचालीसाठी एक नम्र सूचना करून थांबतो. प्रत्येक घराने वर्षातून एक स्वच्छ सुती साडी वा धोतर द्यावे. ज्या भगिनींना शिवणे जमते त्यांनी शिवावे. ज्यांना या कामातून चरितार्थ चालवावयाचा आहे त्यांना योग्य मजुरी द्यावी, आणि ती आम्हां व्यापाऱ्यांनी भरावी. तयार झालेली दुपटी गरजू मातांच्या हाती जात-पात न विचारता पोहोचावीत. पन्नास वर्षांत उभी राहिलेली वास्तू पुढील पिढ्या पाहतीलच. पण या गावात जन्मलेल्या एखाद्या बालकाचा पहिला स्पर्श आपल्या घरातील मऊ सुताचा असेल, तर अपरिग्रह हा शब्द आपण केवळ प्रवचनात ऐकला नाही, असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.