विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन: जपायचं की नवं करायचं?

कळंब तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर एक सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन पडून आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली. त्या पिढीतल्या इंजिनांनी वीज येण्याआधी गावोगाव पाणी उपसलं. मला आमचं परत चालू करायचंय. वडील म्हणतात, नुसतं ऑइल लावून ठेव. ही दोन वेगळी कामं आहेत.

जतन म्हणजे गंज थांबवायचा, बाकी काही बदलायचं नाही. रिस्टोअर म्हणजे पार्ट बदलून, रंगवून चालू करायचं. आधी जतन करून नंतर रिस्टोअर करता येतं, उलट नाही. ग्राइंडरने मूळ रंग उडवला की त्याला ‘अनडू’ नाही. (जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासूच नका.) आमच्या टाकीवर आजोबांनी ब्रशने लिहिलेलं नाव आहे, तिला हात लावायचा नाही एवढं ठरलं.

आधी मोबाइल काढा. नंबरची पट्टी, नळ्या, बोल्ट, सगळ्याचे फोटो खोलण्याआधी घ्या. जाम इंजिनला हँडलचा झटका देऊ नका. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल-ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि नोझल बाहेरच ठेवून फ्लायव्हील हाताने हळू फिरवून बघा.

खरा धोका फ्युएल पंपाच्या रॅकचा. तो गंजून अडकला असेल तर गव्हर्नरला डिझेल कमी करता येत नाही आणि इंजिनाचा वेग वाढतच जातो. जड फ्लायव्हील फुटलं तर जीवावर बेततं. रॅक बोटाने सहज सरकल्याशिवाय हँडल मारायचं नाही. आमचा अजून सरकत नाही.