वीणेचे पडदे आणि स्वरस्थानांचे शिक्षण

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. सूतकताई, शेती, मातृभाषा, गणित इत्यादी विषयांच्या जोडीला त्यात संगीतासही स्वतंत्र स्थान दिलेले होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. संगीताच्या त्या अभ्यासक्रमाचा भर सुंदर गीतांवर, समूहगानावर आणि लयीची जाण उत्पन्न करण्यावर होता. स्वर म्हणजे काय, तो कोठे सापडतो आणि त्याचे स्थान विद्यार्थ्याने कसे ओळखावे, हा प्रश्न मात्र त्यात गौण राहिला. प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घ्यावयाचा आहे. तंतुवाद्याच्या दांडीवरील पडदा स्वर शिकवितो, की कानाने आधीच शिकलेल्या स्वराची केवळ नोंद ठेवतो, असे त्या प्रश्नाचे स्वरूप आहे. हा प्रश्न केवळ शिक्षकाचा नाही. प्राचीन संगीतग्रंथ वाचणाऱ्या इतिहासाभ्यासकाने त्याचे उत्तर चुकीचे गृहीत धरले, तर त्या ग्रंथांचा अर्थच पालटतो.

१

आरंभ वर्धा परिसरापासूनच करणे सोयीचे आहे. वर्धा शहराजवळ धाम नदीच्या काठी असलेले पवनार हेच वाकाटकांचे प्रवरपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्याविषयी पुढे मतभेद झाले असले, तरी नागपूर विद्यापीठाने १९६७ साली केलेल्या उत्खननाने ह्या स्थळाचे प्राचीनत्व निःसंशय सिद्ध झाले आहे. प्रवरपूर वसविणारा दुसरा प्रवरसेन हा प्रभावतीगुप्तेचा पुत्र. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि म्हणून समुद्रगुप्ताची नात. ह्या समुद्रगुप्ताची मंचकावर बसून वीणा वाजवीत असलेली प्रतिमा त्याच्या सुवर्णनाण्यांवर कोरलेली आहे. अलाहाबादच्या स्तंभलेखातही त्याच्या संगीतनैपुण्याची तुंबुरू व नारद यांच्याशी तुलना करून स्तुती केलेली आहे.

नाण्यावरील ती वीणा नीट न्याहाळली असता असे दिसते की, तिला दांडी नाही आणि पडदेही नाहीत. तिचा आकार धनुष्यासारखा वाकलेला असून प्रत्येक तार मोकळी छेडावयाची आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३० च्या सुमारास शिल्पांच्या आधारे दाखवून दिले की, प्राचीन वाङ्मयातील ‘वीणा’ ह्या शब्दाने मुख्यतः असेच धनुराकृती वाद्य अभिप्रेत असे. भरताच्या नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची यांचा उल्लेख येतो, तो ह्याच संदर्भात समजून घेतला पाहिजे. अशा वाद्यावर एका तारेला एकच स्वर असतो. बोटाने तार दाबून दुसरा स्वर काढावयाचा नसल्यामुळे ‘दांडीवरील स्वरस्थान’ ही कल्पनाच तेथे उद्भवत नाही. विद्यार्थ्याला शिकावे लागते ते तार लावणे.

नाट्यशास्त्रातील प्रसिद्ध श्रुतिप्रयोगाचा अर्थ ह्या दृष्टीने पाहिला म्हणजे स्पष्ट होतो. भरत दोन सारख्या लावलेल्या वीणा घ्यावयास सांगतो. त्यांतील एक अचल ठेवावयाची आणि दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवीत जावयाचे, म्हणजे चल वीणेवरील कोणता स्वर अचल वीणेवरील कोणत्या स्वराशी केव्हा मिळतो, हे कळून येते. ह्या प्रयोगात कोठेही लांबी मोजलेली नाही. मिळाला की नाही याचा निर्णय सर्वस्वी कान देतो. बावीस श्रुती ह्या दांडीवर आखलेल्या बावीस खुणा असाव्यात, अशी समजूत आज अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असते. परंतु ज्या वाद्यावर भरताने प्रयोग केला, त्यास खुणा करण्याजोगी दांडीच नव्हती.

२

पडद्यांच्या वीणेचा सविस्तर परिचय आपणास महाराष्ट्राच्याच भूमीवर रचलेल्या ग्रंथात घडतो. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या (सुमारे १२१० ते १२४७) आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः यादवांच्या दरबारात श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याच्या वाद्याध्यायात किन्नरी वीणेचे वर्णन आहे. तिच्या दांडीवर सारिका, म्हणजे आज आपण ज्यांना पडदे म्हणतो ते, मेणाच्या साहाय्याने बसवावयास सांगितले आहेत. परंपरेने किन्नरीचे श्रेय ‘बृहद्देशी’कार मतंगाकडे जाते.

मेणाने बसविलेला पडदा हा पक्का पडदा नव्हे. तो बसविताना वादक तार छेडून पाहतो आणि स्वर कानास पटेल तेथे त्यास स्थिर करतो. तोच शार्ङ्गदेव श्रुतींचे विवेचन करताना मात्र किन्नरीचा आधार घेत नाही. तेथे तो भरताप्रमाणेच दोन वीणा कल्पितो आणि प्रत्येकीस बावीस मोकळ्या तारा लावतो. ज्याच्यापुढे पडद्यांचे वाद्य प्रत्यक्ष होते, त्या हिशेबनीस पंडितालाही श्रुतींचा हिशेब पडद्यांवर मांडावासा वाटला नाही, ही बाब आमच्या मते अत्यंत अर्थपूर्ण आहे.

विजयनगरच्या रामामात्याने १५५० साली ‘स्वरमेलकलानिधी’ रचला. त्यात त्याने वीणेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकीवर सर्व रागांसाठी पडदे कायम असतात. दुसरीवर एकाच रागापुरते पडदे असून राग बदलला की ते हलवावे लागतात. पडद्यांच्या जागा ठरविताना तो मोजपट्टी वापरीत नाही. एका तारेवर कानाने मिळविलेला पडदा शेजारच्या तारेवर कोणता स्वर देतो, हे पाहून तो पुढचा पडदा निश्चित करतो. सतारीच्या संदर्भात आपण आजही ‘चल ठाट’ व ‘अचल ठाट’ असे शब्द वापरतो. त्यांच्यामागील विचार इतका जुना आहे.

३

तारेच्या लांबीवरून स्वरस्थान सांगण्याची पद्धत सतराव्या शतकात पुढे आली. ‘संगीतपारिजात’कार अहोबल आणि विदर्भाच्या उत्तरेस असलेल्या गढ्याचा राजा हृदयनारायणदेव ही त्या पद्धतीतील प्रमुख नावे होत. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ३६ इंचांची तार कल्पून ह्या वर्णनाचा हिशेब सुलभ केला. तो येथे थोडक्यात देतो.

मोकळी तार ३६ इंच, तो षड्ज. तिच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १८ इंच शिल्लक राहतील तेथे, तार षड्ज. ह्या दोहोंच्या मध्ये, २७ इंचांवर, मध्यम. तारेचे तीन सारखे भाग केल्यास पहिल्या भागाच्या अखेरीस, २४ इंचांवर, पंचम. षड्ज व पंचम यांच्या मध्यावर, ३० इंचांवर, गांधार. त्याच अंतराचे तीन भाग केल्यास पहिल्याच्या अखेरीस, ३२ इंचांवर, ऋषभ. पंचम व तार षड्ज यांमधील अंतराचे तीन भाग केल्यास दुसऱ्याच्या अखेरीस, २० इंचांवर, निषाद. ह्यांतील गांधार व निषाद आजच्या भाषेत कोमल होत. अर्थात अहोबलाचे शुद्ध सप्तक आपल्या काफी थाटाच्या जवळ जाते.

येथवर सर्व सुसंगत आहे. धैवताशी मात्र अडचण येते. धैवत पंचम व तार षड्ज यांच्या मध्यभागी, ह्या सांगण्याचा अर्थ अक्षरशः घेतल्यास तो २१ इंचांवर पडतो. ऋषभाशी षड्ज-पंचमभावाने मिळणारा धैवत हवा असेल, तर तो २१⅓ इंचांवर यावयास पाहिजे. हे अंतर इंचाचा केवळ तिसरा हिस्सा असले, तरी तयार कानास ते तत्काळ खटकते. ह्यावरून दोन निष्कर्ष संभवतात. एक तर अहोबलाच्या काळी धैवत खरोखरच इतका चढा होता, किंवा ‘मध्यभाग’ हा शब्द वादकाचे बोट त्या टापूत नेण्यापुरता होता आणि अखेरचा निर्णय कानावर सोपविलेला होता. इतर स्वरांचे परस्परसंवाद पाहता आम्हांस दुसरा निष्कर्ष अधिक संभाव्य वाटतो. मोजमाप येथे मार्गदर्शक आहे, प्रमाण नाही.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या प्रश्नास नवे वळण लागले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने स्वरांची मापे घेतली आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक श्रुतीस त्यांनी निश्चित गुणोत्तर दिले, आणि त्यांना ई. क्लेमंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याची जोड मिळाली. भातखंडे यांना मात्र ही मापे प्राचीन ग्रंथकारांच्या माथी मारणे मान्य नव्हते. १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत ह्या विषयाची चर्चा झाली.

देवलांचे परिश्रम स्तुत्य होते आणि त्यांच्या काळच्या एका थोर गायकाच्या स्वरांची नोंद म्हणून त्यांचे मोल कायम आहे. तथापि त्यावरून भरताच्या श्रुती सिद्ध होतात, असे म्हणता येत नाही. पडदे नसलेल्या वाद्यावर कानाने केलेला प्रयोग आणि तारेवर मोजून काढलेले गुणोत्तर, ह्या दोन भिन्न प्रकारच्या साक्षी आहेत. एकीची उणीव दुसरीने भरून काढणे इतिहासलेखनास धरून नाही.

५

आज आपल्या तरुण विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा गिटार असते, म्हणून तिचाही विचार करणे प्राप्त आहे. युरोपातील जुन्या तंतुवाद्यांचे पडदे सतारीप्रमाणेच बांधलेले व हलविता येणारे असत. खगोलवेत्त्या गॅलिलिओचा पिता व्हिन्चेंझो गॅलिली याने १५८१ साली प्रत्येक पडदा उरलेल्या तारेच्या अठराव्या हिश्शावर बसविण्याचा नियम सांगितला. ३६ इंचांच्या तारेवर त्यामुळे पहिला पडदा ३४ इंचांवर येतो, आणि बारावा १८ ऐवजी किंचित अलीकडे, सुमारे १८.१३ इंचांवर राहतो. पुढे सप्तकाचे बारा तंतोतंत समान भाग करण्याची रीत रूढ झाली व धातूचे पडदे कायमचे ठोकले गेले.

तीच ३६ इंचांची तार गिटारच्या नियमाने विभागली, तर पंचम २४.०३ आणि मध्यम २६.९७ इंचांवर येतो. हे अहोबलाच्या जवळजवळ बरोबर आहे. कोमल गांधार मात्र ३० ऐवजी ३०.२७ आणि कोमल निषाद २० ऐवजी २०.२० इंचांवर पडतो. दोन्ही स्वर आपल्या परिचित स्वरांहून उतरलेले लागतात. गिटारचा विद्यार्थी कोणत्या तारेच्या कोणत्या पडद्यावर कोणता स्वर, हे पाठ करतो. एकच स्वर अनेक ठिकाणी सापडत असल्याने ते पाठांतर कष्टाचे असते, आणि त्या वाद्यापुरते आवश्यकही असते. परंतु पडदा हलत नसल्यामुळे स्वर बरोबर आहे की नाही, हे त्यास स्वतःस ठरवावे लागत नाही. सतारीच्या विद्यार्थ्यास तार लावून पडदा सरकवावा लागतो, आणि सरकविण्यापूर्वी स्वर मनात असावा लागतो. पहिल्या ठिकाणी स्थान आधी व स्वर नंतर, दुसऱ्या ठिकाणी स्वर आधी व स्थान नंतर. ज्या पिढीस केवळ पहिला क्रम परिचित असेल, तिला ‘संगीतरत्नाकर’ वाचताना दुसरा क्रम प्रयत्नपूर्वक शिकून घ्यावा लागेल.

आता पुन्हा वर्ध्याकडे वळू. मूलोद्योग शिक्षणाचे प्राणभूत तत्त्व समवाय होते. हाताने करावयाचे काम आणि बुद्धीने मिळवावयाचे ज्ञान ही एकत्र आली पाहिजेत, असे ते तत्त्व सांगे. पाट्यावर ३६ इंच तार ताणून तिच्यावर स्वर शोधणे, मग ते मोजणे, आणि कान व मोजपट्टी यांत कोठे फरक पडतो ते पाहणे, ह्यात सुतारकाम, अपूर्णांक, भौतिकशास्त्र व संगीत ही चारही एकत्र येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. तेव्हा असे वाद्य जुळविणारे कसबी हात अद्याप महाराष्ट्रात आहेत. संगीताचा इतिहास शिकविणाऱ्या विभागांनी असा एक तारेचा पाट वर्गात ठेवावा, अशी आमची सूचना आहे. भरत व अहोबल यांच्यातील भेद व्याख्यानाने समजावण्यास कित्येक तासिका लागतात. पाटावर धैवत शोधू लागलेल्या विद्यार्थ्यास तो पहिल्याच तासिकेत प्रत्ययास येईल.