कावळा, फांदी आणि बंद पडलेली गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याच्या गाडीचं आहे, पण सांगायचं आहे ते बरंच जुनं.

भाचा मुंबईहून नाशिकला येत होता. घोटीच्या आसपास चांगली पळत असलेली गाडी एकदम बंद पडली. ना गचका, ना खोकला. कशीबशी कडेला घेतली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण चालू काही होत नव्हतं. पाऊण तास रस्त्याकडेला बसून राहिला, पुन्हा सेल्फ मारला, आणि गाडी अशी चालू झाली की जणू काही झालंच नव्हतं!

महिनाभरात हे तीनदा झालं. एका गॅरेजात पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला, पैसे गेले. गुण नाही. शेवटी भाच्याने निकाल देऊन टाकला, "मामा, हे पेट्रोलचंच आहे. इथेनॉल घालतात ना आता!" ज्या पंपावर तो नेहमी पेट्रोल भरतो, तिथल्या पोराला तो चार लोकांत वाट्टेल ते बोलूनही आला होता.

हे ऐकलं आणि मला कसारा घाट आठवला. मे १९७९.

मी तेव्हा नाशिकच्या एका शाळेत नुकताच कायम झालो होतो. माझ्या मावसभावाकडे, म्हणजे आमच्या दादाकडे, फियाट होती. अकराशे डिलाइट. त्या काळी खाजगी गाडी म्हणजे मोठीच गोष्ट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार करून फियाट बनवायला घेतल्या. हीच गाडी पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. नवी हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. दादाने जुनी घेतली होती. लग्नसराईत ती भाड्यानेही द्यायचा.

आम्ही कल्याणचं एक लग्न आटोपून परत येत होतो. दुपारचं रणरणतं ऊन. कसारा सोडलं, घाट चढू लागलो आणि अर्ध्या घाटात गाडी बंद. एकदम. पुढेमागे ट्रकची रांग, वहिनींच्या मांडीवर लहान मूल. दादाने बोनेट उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली.

एका ट्रकवाल्याने सल्ला दिला, "पंपावर ओलं फडकं टाका." हा त्या काळचा सर्वमान्य उपाय. फियाटचा पेट्रोलपंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला. इंजिन फार तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप हा पातळ पदार्थ ढकलायला केलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही. म्हणून फडकं. आम्ही फडकं टाकलं, अर्धा तास थांबलो, गाडी चालू झाली. सगळ्यांनी फडक्याचा जयजयकार केला.

पण दादाच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. आजवर असं कधी झालं नाही, मग आजच वाफ का झाली? म्हणजे पेट्रोलमध्ये भेसळ. भेसळ कोणी केली? गाडी धुवायला आणि पेट्रोल भरून आणायला एक पोरगा ठेवला होता, त्याने. पेट्रोल काढून विकलं असणार आणि वर रॉकेल ओतलं असणार. रॉकेलच्या भेसळीच्या गोष्टी तेव्हा रोज कानावर यायच्या, त्यामुळे कोणालाच हे अशक्य वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात पेशी झाली. पोरगा सोळा-सतरा वर्षांचा. आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. त्याने आरोप ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, "शेठ, बंद पडताना गचके दिले का तिने? पेट्रोलचं असतं तर गचके दिले असते."

दादा भडकला. "मला शहाणपणा शिकवतोस?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही होतात ना गाडीत?"

मी होतो. गचके दिले नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण दादा वडीलधारा, गाडी त्याची, आणि मला इंजिनातलं काय कळतंय! मी म्हणालो, "बघू, बघू." पोरगा त्याच दिवशी कामावरून गेला.

आता तो प्रश्न किती नेमका होता, हे सांगण्यासाठी मला तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल. (मास्तर आहे, सवय जात नाही!)

ऑगस्ट १८८८. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी बनवून पेटंट घेतलं होतं, पण लोकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्यांची बायको बर्था हिने दोन मुलांना बरोबर घेतलं आणि नवऱ्याला न विचारता गाडी काढून ती मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. इतक्या लांब मोटारीने त्याआधी कोणी गेलं नव्हतं. वाटेत पेट्रोलपंप कुठला! व्हिसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतलं. एकदा इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. एकदा ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हा पायमोज्याचा पट्टा काढून तिच्यावर गुंडाळला.

बघा, मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात इंजिनच्या दुखण्याची दोन मोठी घराणी दिसली. एक इंधनाचं, एक ठिणगीचं. हवा, दाब, बाकी कारणंही असतात, पण पेट्रोलची गाडी चालता चालता बंद पडली की सव्वाशेहून अधिक वर्षं आधी याच दोन दारांवर टकटक केली जाते.

दोघांची तऱ्हाही वेगळी. इंधन कमी पडलं की गाडी सहसा लगेच मरत नाही. गचके देते, ओढ कमी होते, मग थांबते. कंदिलातलं तेल संपतं तसं. ठिणगी गेली तर मात्र बटण बंद केल्यासारखी एकदम. हा नियम दर वेळी खरा ठरतोच असं नाही, पण पहिला प्रश्न म्हणून याहून चांगला प्रश्न नाही. सातवी शिकलेल्या पोराने नेमका तोच विचारला होता.

पुढे काय झालं? महिन्याभरात फियाट पुन्हा तशीच बंद पडली, या वेळी गावातच. आता पेट्रोल दादाने स्वतः उभं राहून भरलेलं. द्वारकेजवळ एक वयस्कर मिस्त्री होते, त्यांच्याकडे गाडी ढकलत नेली. मीही बरोबर होतो.

मिस्त्रींनी फडकं मागितलं नाही. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "गार होऊ देऊ नका. गार झाली की दुखणं लपतं." मग कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून बाटलीत धरली आणि सेल्फ मारायला सांगितला. पेट्रोल धारेने आलं. म्हणजे इंधनाचं घराणं निर्दोष. मग डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून कोरड्या फडक्यात धरली, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ नेलं. सेल्फ मारला. निळी ठिणगी उडायला हवी होती, ती नाहीच. (आजच्या गाडीवर हा प्रयोग कृपा करून करू नका. आताचा झटका जबर असतो, आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतं ते वेगळंच.)

त्या गाड्यांची ठिणगीची रीत अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी बसवून दिलेली. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. इंजिन फिरताना 'पॉइंट' उघडमीट करतात. पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा झटका तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पॉइंटवरच ठिणगी उडून जोर वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर नावाची बोटाच्या पेराएवढी डबी असते. तिच्या आतलं आवरण जुनं झालं की गरम झाल्यावर दगा देतं आणि गार झाल्यावर पुन्हा नीट वागतं.

मिस्त्रींनी बाकी कशाला हात न लावता फक्त दुसरा कंडेन्सर तारेने जोडून पाहिला. इंजिन तसंच तापलेलं. निळी ठिणगी! काही रुपयांची डबी. गाडी पुन्हा त्या कारणाने कधी बंद पडली नाही.

म्हणजे घाटात काय झालं होतं? फडक्याने काहीच केलं नव्हतं. आपण फडकं टाकून अर्धा तास थांबलो, त्या अर्ध्या तासात कंडेन्सर गार झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आणि त्या फांदीखाली पोरगा सापडला.

मी वर्गात इतिहास शिकवायचो. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, पुरावा तपासा, साक्षीदाराला विचारा, हे फळ्यावर लिहून द्यायचो. आणि माझ्या आयुष्यात एकदाच मी स्वतः साक्षीदार होतो, तेव्हा "बघू, बघू" म्हणालो. कंडेन्सर सापडल्यावरही पोराला परत बोलवावं असं दादाला वाटलं नाही. वाटलं मला, पण मीही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहिलं ते राहिलंच. तो कुटुंबासह गाव सोडून गेल्याचं पुढे कानावर आलं.

असो. भाच्याकडे येतो.

आताच्या गाडीत पॉइंट नाही, कंडेन्सरची ती डबी नाही, कार्बोरेटरही नाही. २००० साली धुराचे नवे नियम लागू झाले आणि आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर भराभर गेला. पेट्रोल कधी, किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे आता संगणक ठरवतो. तो बिघाडाची नोंदही ठेवतो. कॅलिफोर्नियाने ही सक्ती १९८८ च्या गाड्यांपासून आणली, १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत एकच पद्धत झाली, आपल्याकडे २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत आली. मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि संगणकाचं म्हणणं वाचतो.

पण गंमत अशी की भाच्याच्या गाडीत स्कॅनरला एकही बिघाड सापडला नव्हता! गॅरेजात पोचेपर्यंत गाडी गार व्हायची, आणि गार झाली की दुखणं लपायचं. मिस्त्रींचंच वाक्य. मी भाच्याला विचारलं, "बंद पडताना गचके देते का?" तो म्हणाला, "नाही मामा, एकदम." मी म्हटलं, "मग पेट्रोलवाल्याचा नाद सोड."

अंबडकडच्या एका छोट्या गॅरेजातल्या पंचविशीतल्या पोराने गाडी बंद पडेपर्यंत तापवली. मग लगेच स्कॅनरवर चालू आकडे बघत सेल्फ मारला. इंजिन डोळ्यांसमोर फिरत होतं आणि स्कॅनर म्हणत होता, फेरे शून्य. म्हणजे इंजिन फिरतंय हे संगणकाला कळतच नव्हतं. ते सांगणारा एक बारका सेन्सर क्रँकशाफ्टजवळ असतो, तो तापला की मुका व्हायचा. संगणकाला वाटायचं इंजिन थांबलंय, म्हणून तो ठिणगीही देत नव्हता आणि पेट्रोलही सोडत नव्हता. सेन्सर बदलला. दुखणं गेलं.

इथेनॉलबद्दल लोकांच्या ज्या शंका आहेत, जुन्या गाड्यांतल्या रबराच्या भागांचं काय, ॲव्हरेजचं काय, त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. त्या तपासल्या पाहिजेत. पण या गाडीच्या बाबतीत इथेनॉल निर्दोष होतं, जसं त्या गाडीच्या बाबतीत रॉकेल निर्दोष होतं. रॉकेल तर टाकीत नव्हतंच. प्रत्येक काळात एक तयार आरोपी असतो. त्याच्याकडे बोट दाखवलं की तपास करायचे कष्ट वाचतात.

भाच्याला मी ही सगळी हकीकत सांगितली. घरातली ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन पंपावर गेला आणि त्या पोराला म्हणाला, "माझं चुकलं, दोष गाडीचा होता." पोरगा म्हणे नुसता हसला आणि विचारलं, "कितीचं टाकू?"

मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. भाच्याला एका दिवसात जमलं ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही.

तुमच्याही घरी एखादं असं फडकं आणि असा एखादा पोरगा असेल. असेल तर जरूर लिहा. आणि तो माणूस अजून भेटण्यासारखा असेल, तर लिहिण्याआधी त्याला भेटून या.