धसका हे निदान नव्हे

नसबंदी, वाढलेल्या दातांची घासणी किंवा खरजेचे साधे इंजेक्शन. एवढे निमित्त होते. ससा दवाखान्यातून घरी येतो, कोपऱ्यात अंग आखडून बसतो, कोथिंबिरीलाही तोंड लावत नाही आणि दोन दिवसांत जातो. मग निकाल ठरलेले असतात. एक पक्ष म्हणतो, ‘ससा जातच भित्री, दवाखान्याचा धसका घेतला.’ दुसरा म्हणतो, ‘इंजेक्शन बाधले.’ हे दोन पक्ष एकमेकांशी भांडत असले, तरी दोघांनी मिळून एकच गोष्ट साधली आहे: मधल्या दोन दिवसांत काय घडले, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. ससा वाचू शकला असता, तर तो त्याच दोन दिवसांत.

धसक्याच्या पक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. भीतीने सशाच्या आतड्याची हालचाल मंदावते, हृदयावर ताण येतो. नीट न धरलेला ससा मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो. उताणा धरल्यावर तो निपचित पडतो, त्याला आपण ‘झोपला’ म्हणतो. ती झोप नसून शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावरची निश्चलता असते. पण भीती असते म्हणून भीतीनेच मृत्यू आला, हे कसे सिद्ध होते?

ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक दवाखान्यांतल्या भुलेच्या नोंदी तपासून एक मोठी पाहणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. भूल दिलेल्या कुत्र्यांत मृत्यूचे प्रमाण 0.17 टक्के, मांजरांत 0.24 आणि सशांत 1.39 टक्के निघाले. धसकापक्ष इथेच थांबतो आणि म्हणतो, ‘बघा, नाजूकच!’ पुढचे आकडे मात्र वाचायला हवेत. निरोगी सशांत हे प्रमाण 0.73 टक्के होते, आधीपासून आजारी असलेल्यांत 7.37 टक्के. पिंजऱ्यातला प्रवास दोघांनी केला, कुत्र्यांचे भुंकणे दोघांनी ऐकले, अनोळखी हात दोघांना लागले. धसकाच मारत असता तर त्याने दोघांना सारखेच मारले असते. दहापट फरक पडला तो सशाच्या जातीमुळे नव्हे, आजारामुळे. शिवाय मेलेल्या सशांपैकी निम्म्याहून बरेच जास्त शस्त्रक्रिया संपल्यानंतर दगावले, म्हणजे सगळे ‘धोका टळला’ म्हणून निर्धास्त झाल्यावर.

त्या वेळात काय बिघडते ते सशाच्या पोटात पाहावे लागते. सशाचे पोट निरोगी असताना कधी रिकामे नसते. चरबरीत गवताचा धागा आतडे हलते ठेवतो आणि उंडुकातले सूक्ष्मजीव उरलेला चारा आंबवतात. वेदना, गारठा, उपास किंवा औषधाची सुस्ती यांपैकी काहीही ही हालचाल थांबवू शकते. मग आतला चोथा सुकतो, वायू धरतो, पोट दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थंडावते. उपास लांबला की शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि तेही निकामी होते. हा घटनाक्रम तासांचा असतो आणि प्रत्येक पायरीवर तो अडवता येतो.

म्हणूनच मला सर्वांत जास्त राग येतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि कधी दवाखान्यातूनही मिळणाऱ्या समजूतदार सल्ल्याचा: ‘आज काही देऊ नका, पडून राहू दे, उद्या खाईल.’ हा कुत्र्या-मांजरांचा नियम आहे. भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. सशाला उलटीच होत नाही. त्याला रात्रभर उपाशी ठेवणे म्हणजे टाळायचे तेच ओढवून घेणे.

‘कालपर्यंत चांगला उड्या मारत होता’ हे वाक्यही मला पुरावा म्हणून मान्य नाही. दुखणे लपवणे हा शिकार होणाऱ्या प्राण्याचा स्वभाव आहे. तरी चेहरा बोलतो. सशाच्या वेदनेचा चेहऱ्यावरून अंदाज घेणारी मोजणी 2012 मध्ये मांडली गेली; मिटत आलेले डोळे, चपटे गाल, नाकाचा बदललेला आकार, मिशा आणि कान यांची ठेवण ती पाहते. घरात त्याहून सोपी खूण म्हणजे लेंड्या. त्या बारीक, कोरड्या, विरळ होऊ लागल्या की पोट अडले समजावे. आठ-दहा तास खाणे नाही आणि लेंडी नाही, तर सकाळची वाट पाहू नये. सशाचे तापमान साधारण 38.5 ते 40 अंश असते. कान गार पडले असतील तर फडक्यात गुंडाळलेली कोमट बाटली शेजारी ठेवून त्याच रात्री निघावे. उन्हाळ्यात मात्र उलटी काळजी, कारण सशाला घामाने अंग थंड करता येत नाही आणि मे महिन्यातली दुपारची रिक्षा त्याचा जीव घेऊ शकते. पोट ढोलासारखे ताठ असेल तर सिरिंजने पातळ चारा भरवण्याची घाईही नको. आतडे केवळ मंदावले आहे की अडकले आहे, हे डॉक्टरांनी आधी ठरवायचे. रक्तातली साखर दर डेसिलिटरला 360 मिलिग्रॅमच्या वर गेली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो.

आता दुसरा पक्ष. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून सुई दोषी ठरते. खरजेवरचे आयव्हरमेक्टिन सशांना वर्षानुवर्षे टोचले जाते आणि योग्य मात्रेत ते चांगले सोसते. याउलट अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिली की उंडुकातले उपयोगी जंतू मरतात, विषारी क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि काही दिवसांनी जीवघेणी हगवण लागते. अमॉक्सिसिलिनच्याच घराण्यातले पेनिसिलिन मात्र टोचून दिले तर ससा बहुधा सोसतो. म्हणजे ‘इंजेक्शन नको, तोंडाने काहीतरी हलके द्या’ असा आग्रह धरणारा मालक इथे धोक्याच्याच वाटेने जात असतो. कुत्र्यांच्या पिसवांवरचे फिप्रोनिल सशाला लावणेही तसेच. त्याने झटके येऊ शकतात. दोष असेल तर तो ठराविक औषधाचा, ठराविक मार्गाचा असतो. म्हणून निघताना औषधाचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून घ्यावी, वेदनाशामक दिले का हे विचारावे आणि घरी येताच वजन करावे. आपल्याकडचे दवाखाने कुत्र्या-मांजरांनी भरलेले असतात. तिथे हे प्रश्न मालकानेच विचारायचे आहेत, आणि चांगला डॉक्टर त्यांनी दुखावत नाही.

ससा गमावलेल्या माणसाला हे सारे ऐकवणे कठोर वाटेल. पण ‘नाजूकच होता’ या समजावणीने त्याचे दुःख हलके होत नाही; रात्री तो स्वतःलाच विचारत राहतो की नेले नसते तर? त्याला खरे उत्तर हवे असेल तर शवविच्छेदन मागण्याचा हक्क त्याला आहे, आणि ते लवकर मागावे लागते. घरात दुसरा ससा असेल तर त्याच्यासाठीही ते उत्तर लागते, कारण धसक्याच्या समजुतीतून पुढचा निर्णय ठरलेला असतो: ‘आता दवाखाना नकोच.’ नसबंदी न झालेल्या माद्यांत वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. काही जातींत चार वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो नोंदला गेला आहे. एका सशाच्या मृत्यूचे चुकीचे कारण मनात धरून दुसरीला दवाखान्यापासून दूर ठेवले, तर तिच्या पोटातली गाठ कुणाला कळण्याआधी वाढलेली असते.