हातगाड्यांची वाट : एक प्रवास आणि त्याची आठवण

🧵 १/ अमेरिकेतील युटा आणि वायोमिंग या राज्यांत उन्हाळ्यात एक विलक्षण दृश्य दिसते. चौदा ते अठरा वर्षांची मुले-मुली जुन्या धाटणीचे कपडे घालून, लाकडी हातगाड्या ओढत माळरानातून तीन-चार दिवस चालतात. हे १८५६ साली सुरू झालेल्या एका स्थलांतराचे पुनराचरण आहे. ही त्याचीच हकीकत.

२/ जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्याचे अनुयायी मॉर्मन म्हणून ओळखले जातात. शेजाऱ्यांशी संघर्ष होत पंथ पश्चिमेकडे सरकत गेला. १८४४ मध्ये इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. पुढे ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली जुलै १८४७ मध्ये पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. यूट आणि शोशोनी लोक या प्रदेशात आधीपासूनच वावरत होते.

३/ ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातील हजारो गरीब अनुयायांना या 'नव्या सियोन'ला यायचे होते. त्यांना प्रवासासाठी कर्ज देणारा निधी १८४९ पासून होता. पण १८५५ मध्ये टोळांनी आणि दुष्काळाने युटातील पिके बुडाली, निधीही आटला. बैल आणि मोठ्या गाड्या घेणे परवडेना. यंग यांनी उपाय काढला : माणसांनीच हातगाड्या ओढाव्यात.

४/ रेल्वे आयोवा सिटीपर्यंतच होती. तेथून सॉल्ट लेक सिटी सुमारे १,३०० मैल, म्हणजे जवळपास २,१०० किलोमीटर. साधारण पाच जणांमागे एक गाडी, वीस जणांमागे एक तंबू. प्रत्येक प्रौढाला फक्त १७ पौंड सामानाची मुभा. अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी सगळे त्यातच.

५/ योजना वेडगळ नव्हती. १८५६ च्या पहिल्या दोन तुकड्या २६ सप्टेंबरला सुखरूप पोहोचल्या. १८५६ ते १८६० दरम्यान निघालेल्या एकूण दहा तुकड्यांपैकी आठ मोठ्या अरिष्टाविना मुक्कामाला लागल्या. शोकांतिका घडली ती उरलेल्या दोन तुकड्यांची : जेम्स विली आणि एडवर्ड मार्टिन यांच्या.

६/ या दोन तुकड्यांची जहाजे लिव्हरपूलहून मे महिन्यात सुटली, म्हणजे आधीच उशीर झालेला. आयोवा सिटीला पोहोचल्यावर कळले की गाड्या तयार नाहीत. मग घाईघाईने ओल्या लाकडाच्या गाड्या केल्या गेल्या. कोरड्या हवेत ते लाकूड आकसले, चाके खिळखिळी झाली. दोन्ही तुकड्या निघेपर्यंत जुलै अर्धा उलटला होता.

७/ ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स, नेब्रास्का येथे विलींच्या तुकडीची सभा भरली. पुढे जायचे की हिवाळा तेथेच काढायचा? ही वाट पूर्वी पाहिलेल्या लेव्हाय सॅव्हेज यांनी बजावले की वृद्ध आणि लहान मुलांना घेऊन आता निघणे धोक्याचे आहे. त्यांचे मत फेटाळले गेले. तरीही ते तुकडीसोबतच निघाले.

८/ १९ ऑक्टोबरला वायोमिंगमध्ये हिमवादळ कोसळले. पिठाचा शिधा आधीच घटवला होता. त्याच दिवशी मार्टिन यांची तुकडी नॉर्थ प्लॅट नदीच्या गोठवणाऱ्या पाण्यातून पार झाली. २३ तारखेला विलींच्या लोकांनी बर्फातून 'रॉकी रिज' चढला. दुसऱ्या दिवशी तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरावे लागले.

९/ मागे तुकड्या अडकल्याची बातमी सॉल्ट लेकला ४ ऑक्टोबरला पोहोचली होती. दुसऱ्याच दिवशी यंग यांनी धार्मिक सभेतून गाड्या, पीठ आणि माणसे मागितली. मदत पोहोचली म्हणूनच बहुतेक जण वाचले. तरी दोन्ही तुकड्यांतील सुमारे हजार जणांपैकी दोनशेहून अधिक दगावले. विलींची तुकडी ९ नोव्हेंबरला, मार्टिन यांची ३० नोव्हेंबरला पोहोचली.

१०/ आता आठवणीकडे वळू. अनेक वर्षे सांगितली गेलेली कथा अशी : तीन तरुणांनी जवळजवळ साऱ्या तुकडीला स्वीटवॉटर नदीपार वाहून नेले आणि त्या श्रमानेच तिघे मरण पावले. पुढील संशोधनात दिसले की वाहून नेणारे तिघांहून अधिक होते, काही जण स्वतःच पाण्यातून चालत गेले आणि ते तिघे तरुण त्यानंतर कित्येक वर्षे जगले. शौर्य खरे होते, हौतात्म्य मागाहून जोडले गेले.

११/ पुनराचरणातही असेच घडते. एका चढावर मुलगे बाजूला होतात आणि मुलीच गाड्या ओढतात. कारण अनेकदा असे सांगितले जाते की पुरुष सैन्यात, 'मॉर्मन बटालियन'मध्ये गेले होते. पण ती पलटण १८४६ ची, म्हणजे हातगाड्यांच्या दहा वर्षे आधीची! शिवाय १८६९ मध्ये रेल्वे येण्यापूर्वी युटाला गेलेल्या सुमारे ७०,००० मॉर्मनांपैकी हातगाडीने गेले ते फक्त ३,००० च्या आसपास. आज मात्र तीच गाडी साऱ्या स्थलांतराचे प्रतीक झाली आहे.

१२/ म्हणून पुनराचरण निरर्थक ठरते का? नाही. गाडीचे ओझे तळहाताला कळते, ते पुस्तकातून कळत नाही. परंतु सोबत पाण्याची आणि वैद्यकीय मदतीची सोय असते, परतीचा दिवस ठरलेला असतो. उपासमार आणि अनिश्चितता उभी करता येत नाही, करूही नये. चढण पुन्हा चढता येते. फ्लॉरेन्सच्या त्या सभेत मात्र आपण कोणाच्या बाजूने हात वर केला असता, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःलाच विचारायचा असतो. 🔚