तंजावरचे सोने आणि स्फोटकांचा माग

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी आमच्या लाइनवरच्या एका लहान स्टेशनात फलाटावर बेवारस पिशवी सापडली. पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलला उभी, माणसे स्टेशनबाहेर उन्हात, आणि श्वानपथक येईपर्यंत दीड तास गेला. पिशवीत निघाले दोन नारळ, ओले धोतर आणि विभूतीची पुडी. सगळे हसले. मला हसू आले नाही. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. माझे मामा त्या दिवशी नेहमीची लोकल चुकल्यामुळे वाचले. म्हणून बेवारस पिशवीची मला अजून भीती वाटते.

पिशवीला हात न लावता आत काय आहे ते कळेल का, याविषयी वाचू लागलो आणि फिरून तंजावरलाच आलो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी तंजावर शैलीचे चित्र असते. त्यावरचा सोन्याचा वर्ख पिवळाच दिसतो. पण अगदी पातळ वर्ख उजेडासमोर धरला तर पलीकडून येणारा प्रकाश हिरवट दिसतो. सरफोजी राजांच्या काळात ही कला बहरली. १८५५ साली दुसरे शिवाजी राजे वारले, गादी कंपनीने खालसा केली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने सोन्याच्या वर्खावर आणि सोन्याच्या सूक्ष्म कणांवर निबंध वाचला. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची प्रक्रिया करून त्याने माणकासारखे लाल पाणी तयार केले. हा रंग सोन्याच्या अतिशय बारीक कणांचा आहे, हे त्याने ओळखले. त्याच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. (आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. वर्ख लावणे वेगळे, रंगाचे कारण शोधणे वेगळे.)

हे कण साधारण वीस नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. सुटे असले की लाल, एकमेकांना चिकटले की निळे-जांभळे. अमेरिकेतील जॅक्सन स्टेट विद्यापीठात परेशचंद्र रे आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याचाच उपयोग केला. सोन्याच्या कणांवर सिस्टीन या अमिनो आम्लाचा थर दिला. टीएनटीचे रेणू आले की ते त्या थराला धरतात, कण गोळा होतात आणि रंग बदलतो.

पण नुसत्या रंगावर भागत नाही. येथे दुसरा तंजावरी धागा येतो. सर सी. व्ही. रामन यांचा जन्म तिरुचीचा, पण घराणे मूळचे तंजावर जिल्ह्यातले, शेतीवाडीचे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांनी लावलेल्या शोधाचा गाभा असा, की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलतो, आणि तो बदल प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा असतो, बोटांच्या ठशासारखा. अडचण अशी की हा अंश फारच क्षीण असतो. १९७४ साली साउदम्पटनमध्ये खडबडीत चांदीवर हा संकेत अनपेक्षितपणे जोरदार मिळाला. १९७७ पर्यंत कळले की तो लाखपटीने वाढतो. सोन्याच्या कणांचेही तसेच. दोन कणांमधल्या चिंचोळ्या फटीत प्रकाशाचे क्षेत्र प्रचंड वाढते, आणि तेथे अडकलेला रेणू आपली ओळख सांगतो.

हे का हवे? आरडीएक्सची वाफ जवळजवळ होतच नाही, त्यामुळे नुसती हवा हुंगून यंत्राला फारसे काही मिळत नाही. मिळतो तो हाताला, पिशवीच्या चेनला, दाराच्या मुठीला लागलेला कण. तो कापडाने पुसून घ्यायचा आणि तपासायचा. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक लेसरने सोन्याचांदीचे कण घडवून हेच काम करीत आले आहेत. पुण्याच्या पाषाण येथील एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने रसायनांच्या रंगावरून स्फोटक ओळखणारी पेटी तयार केली, आणि २०१७ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर दुरून ओळखणारे ‘रायडर-एक्स’ हे उपकरण सादर केले.

प्रयोगशाळेतली काच स्वच्छ असते. फलाटावर धूळ, तेल, घाम आणि तंबाखू असतो. सोन्याच्या कणांवर हा सगळा गाळ बसला तर संकेत बुजतो. शिवाय आमची स्वतःची एक अडचण आहे. धुक्यात किंवा लाइनवर अडथळा असताना रुळावर ठेवायचे डिटोनेटर, म्हणजे आपले पटाखे, गार्डच्या (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचे) आणि गँगमनच्या सामानात असतात. त्यातही दारूच भरलेली. पटाख्याच्या दारूपर्यंत ओळखणारे यंत्र स्टेशनात बसले तर पहिला पकडला जाईल तो बिचारा गँगमन! म्हणून मला वाटते, यंत्र किती सूक्ष्म ओळखते यापेक्षा ते कोणाला सोडून देते, हे आधी ठरवावे लागेल. ते काम शास्त्रज्ञांचे नव्हे, आम्हा रेल्वेवाल्यांचे.

त्या पिशवीचा मालक दुसऱ्या दिवशी आला. म्हातारा होता, कुंभकोणमहून दर्शन करून परतत होता. धोतर घडी करून घेतले. नारळ मात्र तोवर पोरांनी फोडून खाल्ले होते. त्याने विचारलेही नाही.