निमाडातील वैद्यकीय जागा : नागपूर ते खंडवा

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतील डोईफोडिया हे गाव महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. या भागातील विद्यार्थ्याला डॉक्टर व्हायचे असेल तर त्याने कोणत्या शहराकडे पाहावे, याचे उत्तर गेल्या शतकात अनेकदा बदलले. शासनाचा पैसा कोठे खर्च झाला आणि प्रांताची सीमा कोठे आखली गेली, या दोन गोष्टींनी ते ठरविले.

ब्रिटिश काळात निमाड जिल्हा मध्य प्रांतात होता. या प्रांतात १९१४ साली नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल स्थापन झाले. तेथे पदवीपेक्षा कमी मुदतीचा परवानाधारक वैद्यकांचा अभ्यासक्रम शिकविला जाई. १९४६ च्या भोर समितीने हा दुय्यम वर्ग बंद करून सर्वांसाठी एकच पदवी असावी, अशी शिफारस केली. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणाचा दर्जा वाढला. मात्र कमी खर्चाची जुनी वाट बंद होत गेली.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिले. त्यानंतर या विद्यार्थ्यांना इंदूर, भोपाळ वा जबलपूर येथील महाविद्यालयांकडे वळावे लागले. बुऱ्हाणपूर शहरात आयुर्वेद व युनानी महाविद्यालये आहेत. पण एमबीबीएससाठी जिल्हा सोडणे भागच होते.

बदल घडला तो २०१४ च्या केंद्रपुरस्कृत योजनेमुळे. जिल्हा रुग्णालयाशी जोडून नवी महाविद्यालये काढावीत, असे ठरले. वैद्यकीय शिक्षणाला खाटा व रुग्ण लागतात. ते जिल्हा रुग्णालयात आधीच असल्याने खर्च व वेळ वाचतो. पहिल्या टप्प्यात ५८ महाविद्यालये मंजूर झाली. प्रत्येकी खर्च १८९ कोटी रुपये धरला होता. त्यात केंद्राचा वाटा ६० व राज्याचा ४० टक्के होता. खंडवा येथील महाविद्यालय याच टप्प्यातले. ते २०१८ मध्ये सुरू झाले व त्याची प्रवेशक्षमता पुढे १२० झाली. बुऱ्हाणपूरहून खंडवा सुमारे ७० किलोमीटर आहे. तीन टप्प्यांत अशी १५७ महाविद्यालये मंजूर झाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांच्या आवारात तेवढीच परिचारिका महाविद्यालये काढण्यास १,५७० कोटी रुपये मंजूर केले. त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर परिचारिका तयार व्हाव्यात, अशी अपेक्षा होती.

जागा जवळ आल्या, तरी सीमा पुसली गेली नाही. शासकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा त्या त्या राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. नीटची मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील केंद्रांवर. हिंदी, उर्दू व इंग्रजी मात्र सर्वत्र मिळतात. म्हणून सीमेवरील मराठी विद्यार्थ्याला मराठीतून परीक्षा द्यायची तर केंद्र महाराष्ट्रातील निवडावे लागते, आणि राज्य कोट्यातील जागा मात्र मध्य प्रदेशातील रहिवासाच्या आधारे मागावी लागते. हा निर्णय परीक्षेचा अर्ज भरतानाच घ्यावा लागतो.

शासनाच्या निधीने खाटा, इमारती व जागा उभ्या राहतात. खकनारच्या मुलीला त्या जागेपर्यंत पोहोचविण्याचे काम अकरावी-बारावीच्या विज्ञानवर्गात होते. तेथे जीवशास्त्र व रसायनशास्त्र कसे शिकविले जाते आणि अर्जातील भाषा, केंद्र व रहिवास यांची माहिती वेळेवर कोण देतो, यावर पुढचा इतिहास अवलंबून आहे. १९५६ ची सीमा शिक्षकाच्या हाती नव्हती. ही माहिती देणे त्याच्या हाती आहे.